पाच हजार तीनशे तेहतीस रुपये

गावात वाचनालय काढू या, असं कोणी म्हटलं की पारावर लगेच पुस्तकांची मोजदाद सुरू होते. गुरुजींकडे दोन पेट्या आहेत, पुण्याचा एक पाहुणा घर बदलताना शंभरेक देतो म्हणालाय, पंचायतीचं एक कपाट पडूनच आहे. पुस्तकं मिळतात. घोडं अडतं ते ५,३३३ रुपयांवर.

हा आकडा कुठला, ते सांगतो. महाराष्ट्रातलं गावचं सार्वजनिक ग्रंथालय हे सरकारी कचेरी नसतं. गावातली माणसं संस्था काढतात, ती नोंदवतात, वाचनालय चालवतात आणि सरकार त्यांना अनुदान देतं. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने ही घडी बसवली आणि १९७० च्या नियमांनी अनुदानाचं गणित ठरवलं. मद्रासने १९४८ मध्ये आणि कर्नाटकाने १९६५ मध्ये कायदा करताना ग्रंथालयासाठी वेगळा उपकर लावला. आपण तो लावला नाही. त्यामुळे आपल्याकडचं वाचनालय एका हाताने सरकारचं बोट धरून आणि दुसऱ्या हाताने गावापुढे झोळी धरून चालतं.

अनुदानासाठी ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे चार वर्ग. नव्या, लहान वाचनालयाची सुरुवात ‘ड’पासून. २०२२ मध्ये अनुदानात साठ टक्के वाढ झाली, तेव्हा ‘ड’ वर्गाची वर्षाची कमाल रक्कम ३०,००० वरून ४८,००० रुपये झाली. पण सरकार मान्य खर्चाच्या नव्वद टक्केच देतं. त्या दराने पूर्ण ४८,००० हवे असतील तर ५३,३३३ रुपयांचा खर्च पावत्यांनिशी दाखवावा लागतो. वरचे ५,३३३ गावाने घालायचे. शिवाय अनुदान आदल्या वर्षीच्या खर्चावर ठरतं, म्हणजे आधी खिशातून जाणार, मग हप्त्याने येणार.

हा हिशेब विंझरमध्ये मांडून पाहू. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव, राजगड-तोरण्याचा मुलूख. तालुक्याला आता राजगड हे नाव मिळालं असलं तरी माणसं अजून वेल्हे तालुकाच म्हणतात. समजा, इथे पंचवीस सभासद मिळाले आणि प्रत्येकाने महिना दहा रुपये दिले, तर वर्षाला तीन हजार होतात. दिवाळी अंकांची योजना काढून तेवीस घरांकडून शंभर-शंभर घेतले की आणखी तेवीसशे. उरले तेहतीस. तेवढे रद्दीत सुटतात.

कागदावर इतकं सोपं आहे. प्रत्यक्षात तिसऱ्या महिन्यात पंचविसांतले अकरा जण ‘पुढच्या महिन्यात एकदम देतो’ म्हणतात आणि वर्गणी मागायला कोणी जायचं यावरून कार्यकारी मंडळात शांतता पसरते.

हे कार्यकारी मंडळ म्हणजेच वाचनालय. संस्था नोंदणीच्या १८६० च्या कायद्याला किमान सात माणसं लागतात, म्हणून बहुतेक ठिकाणी सातच असतात. त्यातले दोघे मुंबईला. अध्यक्ष मानाचे. सगळा भार कार्यवाहावर. दाखल नोंदवही, सभासद नोंदवही, देवघेव, पावतीपुस्तक, सनदी लेखापालाकडून तपासलेले हिशेब, वार्षिक अहवाल, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या तपासणीची तयारी, हे सगळं त्याचंच. पदाधिकारी बदलले तर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो राहिला की अध्यक्ष वारून चार वर्षं झाली तरी नोंदीत हयात असतात, आणि मग बँकेपासून अनुदानापर्यंत सगळीकडे अडचण येते. ग्रामीण वाचनालयं वाचकांअभावी बुडतात असं आपण म्हणतो. माझ्या मते त्यांतली पुष्कळशी या एका कागदाअभावी बुडतात.

अर्थात कागदच तेवढे नीट ठेवून दार बंद ठेवणाऱ्या संस्थाही निघाल्या. २०१२ मध्ये महसूल खात्याच्या लोकांनी राज्यभर वाचनालयांची पडताळणी केली, तेव्हा बऱ्याच ठिकाणी फलक होता, वाचनालय नव्हतं. त्यानंतर नव्या मान्यता आणि वर्गबदल वर्षानुवर्षं थांबले. खोट्यांची शिक्षा खऱ्यांनी भोगली. ‘ड’मधून ‘क’मध्ये जायला हजाराच्या वर पुस्तकं जमवलेल्या संस्थाही जागच्या जागी राहिल्या.

आता सर्वांत अवघड कलम, ग्रंथपालाचा पगार. अठ्ठेचाळीस हजारांतले निम्मे पगारावर धरले तर महिन्याला दोन हजार. रोज तीन तास दार उघडायचं, झाडायचं, नोंदी करायच्या, आणि हातात दोन हजार. एवढ्यात भातलावणीचा आठवडाभराचा मजूरही मिळत नाही. ग्रंथालय कर्मचारी व्यंकप्पा पत्की समितीच्या शिफारशींचं नाव घेऊन वेतनश्रेणी मागत आले, त्याला दशकं लोटली. मंडळाने अंदाजपत्रक करताना हे कलम पहिलं लिहावं आणि त्यात स्वतःची भर घालावी. पुस्तकं दहा कमी आली तर चालेल. ग्रंथपाल टिकला नाही तर आलेली पुस्तकं वाळवी वाचते.

वाळवीचं हे नुसतं बोलायला नाही. या भागात पाऊस चार महिने मुक्काम ठोकतो. भिंतीला टेकलेलं कपाट ओल धरतं, पुठ्ठ्यांवर बुरशी येते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, पायाखाली विटा, आणि दसऱ्यानंतर एक दिवस सगळी पुस्तकं उन्हात. या कामाला अनुदानात वेगळं कलम नाही. शाळेची मुलं लागतात.

सेवा ठरवताना मंडळं बहुधा चुकतात ती वेळेत. सकाळी दहाला उघडलेलं वाचनालय शेतकऱ्याला उपयोगाचं नाही, कामासाठी पुण्याच्या बाजूला जाणाऱ्या पोरांनाही नाही. संध्याकाळचे तीन तास हवेत. विंझरला महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांना पोलीस भरतीच्या, तलाठी परीक्षेच्या तयारीला बसायला शांत खोली, दिवा आणि पंखा पाहिजे. कादंबरी न मागणारा हा वाचक खरा वाचक नव्हे, असं जुन्या मंडळींना वाटतं. वाटू दे. तोच रोज येतो, आणि रोज येणाऱ्यांच्या सह्यांवरच उद्या मागणीला वजन येतं. बायका वाचनालयात येत नसतील तर दहा पुस्तकांची पिशवी बचत गटाच्या बैठकीला पाठवावी. आणि एक कप्पा या भागाचा, म्हणजे गुंजण मावळचा, राजगडाचा. त्या गडाच्या ओढीने वर्षानुवर्षं या वाटेने आलेल्या गो. नी. दांडेकरांची पुस्तकं याच वाटेवरच्या गावात मिळू नयेत, हे बरं दिसत नाही.

गावाला आपलंसं करण्याची जागा म्हणजे ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा सगळ्यांना पाठ असतात. पण त्या दिवशी वाचनालयाचा कार्यवाह बोलायला उभा राहिलेला मी क्वचित पाहिला. खोली, वीजबिल, छपराची दुरुस्ती हे पंचायतीच्या विकास आराखड्यात येऊ शकतं, पण आराखडा होण्याआधी मागितलं तर. मागताना ‘वाचनसंस्कृती’ हा शब्द टाळावा. मागच्या वर्षी किती जण आले, किती पुस्तकं फिरली, कोण भरती झालं, एवढं दोन मिनिटांत सांगावं. पुस्तकांसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजना आहेत, इमारतीसाठी नियमांत अनुदान आहे. पण त्यांच्या फाइलीला पंचायतीचा जागेचा ठराव जोडलेला असेल तर बोलणं पुढे सरकतं.

गावाच्या वाट्याची ही कल्पना नवी नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० नंतर बडोदा संस्थानात खेडोपाडी वाचनालयं काढली. पैशाची वाटणी तिघांत केली होती: एक हिस्सा संस्थानाचा, एक पंचायतीचा, एक गावकऱ्यांचा. लोकांचा पैसा आधी, मग दरबारचा. तिकडे अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगी ग्रंथालयाची इमारत बांधून द्यायचे, पण अट अशी की बांधकामाच्या दहा टक्के रक्कम गावाने दरवर्षी चालवण्यासाठी द्यायची. आपल्या नियमातही गावाचा वाटा दहाच टक्के आहे. एवढा वाटा गावाचा असला की दाराला कुलूप दिसल्यावर विचारणारं कोणीतरी राहतं.

तुमच्या गावात वाचनालय असेल तर आज संध्याकाळी तिकडे जा. उघडं असलं तर वर्षाची वर्गणी देऊन पावती घ्या. बंद असलं तर किल्ली कोणाकडे आहे ते विचारून या, आणि येत्या ग्रामसभेत तो विषय घ्यायला लावा.