सलाइनला जोडण्याआधी

1986 च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे 14 रुग्ण दगावले. मूत्रपिंडं एकामागोमाग निकामी होऊ लागली म्हणून औषधावर संशय गेला आणि पुढे न्या. लेंटिन आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची साखळी उघडी पाडली. तेव्हापासूनच्या चार दशकांकडे पाहिलं की एक गोष्ट खटकते : वाईट औषध आपल्याकडे पकडलं जातं ते बहुधा त्याने उघड घात केल्यावर, नाहीतर पोलिसांची धाड पडल्यावर. कर्करोगाचं निकृष्ट औषध असा घात करतच नाही. सिस्प्लाटिनसारखं कर्करोगावरचं औषध निम्म्या ताकदीचं असेल तर गाठ वाढत राहते आणि दोष आजाराच्या माथी जातो. औषध कमजोर म्हणून उलट्या कमी झाल्या, तर घरच्यांना हायसंच वाटतं. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आफ्रिकेतल्या चार देशांमधली कर्करोगाची औषधं तपासली गेली, तेव्हा सुमारे पाचवा हिस्सा नापास ठरला.

अहिल्यानगर जिल्ह्यासाठी हा प्रश्न आता दूरचा नाही. तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्करोगाचं डे-केअर केंद्र काढण्याची घोषणा 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. अकोले किंवा जामखेडच्या रुग्णाची पुण्या-मुंबईची खेप वाचणार असेल तर ते स्वागतार्हच. पण राज्याच्या औषध-तपासणी प्रयोगशाळा मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत. तिथून अहवाल येईतो औषध रुग्णाच्या शिरेत गेलेलं असतं. म्हणून पहिली चाळणी रुग्णालयाच्या औषध विभागातच हवी. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात मार्या लिबरमन यांच्या गटाने त्यासाठी कागदी पट्टी विकसित केली आहे : कुपीतला थेंबभर अंश पट्टीवर पसरायचा, ती पाण्यात धरायची आणि उमटलेले रंग ताडून पाहायचे.

ही पट्टी 80 टक्के आणि 100 टक्के यांतला फरक सांगत नाही, हा आक्षेप रास्त आहे. न्यायालयात सरकारी विश्लेषकाचाच अहवाल लागतो, हेही खरं. पण इथे खटला भरायचा नाही, संशयित बॅच बाजूला काढायची आहे. पुढचं काम प्रयोगशाळेचं. पट्टीची दुसरी मर्यादा मात्र मोठी आहे. मार्च 2024 मध्ये दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या टोळीने कर्करोगाच्या महागड्या औषधांच्या रिकाम्या कुप्यांत बुरशीनाशक औषध भरलं होतं. ती मूळ औषधं प्रथिनांची. असल्या पट्टीच्या आवाक्यातली नव्हेत. तिथे उपाय साधा आणि जवळजवळ फुकटचा आहे : वापरलेली प्रत्येक कुपी मोजून, लेबल खरवडून, नोंद करून फोडायची. रुग्णालयातून रिकामी कुपी बाहेर पडली नाही, तर ती पुन्हा भरणार कोण?