मुक्काम किती दिवसांचा?

परमुलखात कामाला जायचे, चार पैसे गाठीशी बांधायचे आणि गावी परतायचे, या बेताने केलेल्या स्थलांतराला तात्पुरते स्थलांतर म्हणतात. हा बेत पुष्कळदा लांबणीवर पडतो, कधी कायमचा सुटतो. कोण परततो, केव्हा परततो आणि तोवर तिथल्या समाजात कितपत मिसळतो, याचा अर्थशास्त्रीय अभ्यास विशेष बारकाईने झाला तो जर्मनीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीतील कारखान्यांना माणसे अपुरी पडू लागली. १९५५ मध्ये इटलीशी, १९६० मध्ये स्पेन व ग्रीसशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगारभरतीचे करार झाले. या कामगारांना ‘गास्टआरबायटर’, म्हणजे पाहुणे कामगार, म्हणत. १० सप्टेंबर १९६४ रोजी कोलोनच्या डॉइट्स स्थानकावर दहा लाखावा पाहुणा उतरला. आर्मांदो रोड्रिगेस द सा हा पोर्तुगालचा सुतार. ध्वनिक्षेपकावर आपले नाव ऐकून तो आधी घाबरला. प्रत्यक्षात त्याला फुले आणि एक मोपेड भेट मिळाली. आजारपणामुळे तो पुढे मायदेशी परतला आणि १९७९ मध्ये वारला. ती मोपेड आज बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे.

तुर्की कामगारांना सुरुवातीला दोनच वर्षांची मुदत होती. पण शिकवून तयार केलेला माणूस घालवून पुन्हा नवखा घेणे कारखानदारांना परवडेना, म्हणून १९६४ मध्ये ती अट निघाली. १९७३ मध्ये सरकारने भरतीच बंद केली. परदेशी लोकांची संख्या घटेल ही अपेक्षा होती, घडले उलटे. एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे कळल्यावर अनेकांनी जाणे टाळले आणि बायकामुलांना बोलावून घेतले. सुमारे ४० लाखांची परदेशी लोकसंख्या १९८० पर्यंत ४५ लाखांच्या आसपास गेली.

या साऱ्यामागचा हिशेब भाषेच्या उदाहरणातून स्पष्ट होतो. दिवसभर यंत्रापुढे उभा राहिलेला कामगार संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला बसतो, तेव्हा जादा कामाची मजुरी आणि विश्रांती दोन्ही सोडतो. वीस वर्षे राहायचे असेल तर हा खर्च अनेक पटींनी भरून येतो; दोन वर्षांनी परतायचे असेल तर बुडीत जातो, कारण ती भाषा गावी फारशी उपयोगी नाही. ख्रिस्तियान डुस्टमान या अर्थशास्त्रज्ञाने पाहणीतील आकडेवारीवरून हेच दाखवले: ज्यांचा मुक्काम दीर्घ असणार होता, त्यांची भाषा अधिक चांगली होती. पगार आणि मुक्काम यांचे नातेही सरळ नाही. घर किंवा दुकान यांसाठी ठरावीक रक्कम साठवायची असेल, तर पगार वाढल्यावर ती लवकर साठते आणि माणूस लवकर परततो. तुर्कस्तानात परतलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिक जण पुन्हा कामाला लागले आणि त्यांतील बहुतेकांनी स्वतःचा धंदा काढला, असेही डुस्टमान आणि किर्शकाम्प यांच्या अभ्यासात आढळले.

मोजमापात एक मोठा धोका असतो. समजा, शंभर कामगारांपैकी पन्नास जणांना हजार आणि पन्नास जणांना दोन हजार मिळतात, सरासरी पंधराशे. कमी मिळवणारे पन्नास परत गेले की सरासरी दोन हजार होते, पण एकाचाही पगार वाढलेला नसतो. आकडे मात्र स्थलांतरितांची प्रगती झाली असे सांगतात. म्हणून त्याच माणसांकडे दरवर्षी जाणारी पाहणी लागते. जर्मनीत ती १९८४ पासून चालू आहे. तिच्यात तुर्की, इटालियन, स्पॅनिश, ग्रीक आणि युगोस्लाव्ह कुटुंबे मुद्दाम अधिक प्रमाणात घेतली होती आणि ‘किती काळ राहणार?’ असा थेट प्रश्नही त्यांना विचारला जाई.

असे संशोधन चार महिन्यांत उरकत नाही. दोन देशांतील नोंदी जुळवणे आणि परतलेल्यांचा माग काढणे यांत वर्षे जातात, आणि हे काम बरेचदा पीएचडीचे विद्यार्थी करतात. युरोपीय संघाच्या मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी योजनेतून अशा विद्यार्थ्यांना साधारणतः तीन वर्षांपर्यंत पगार मिळू शकतो. कोणत्याही देशाचा नागरिक अर्ज करू शकतो. अट अशी की, नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक वास्तव्य नसावे. म्हणजे या निधीवर स्थलांतराचा अभ्यास करणारा विद्यार्थी स्वतःही बहुधा परमुलखात मुदतीवर आलेला असतो. मुदत संपल्यावर राहायचे की जायचे, हे त्यालाही ठरवावे लागते.

महाराष्ट्राला हा विषय दूरचा नाही. २०२४ मध्ये राज्य शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. जाणाऱ्या तरुणांना आणि त्यांना बोलावणाऱ्यांना जर्मनीचा अनुभव एकच गोष्ट सांगतो: मुक्काम किती काळाचा आणि तो वाढण्याच्या अटी कोणत्या, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट असले पाहिजे. माणूस भाषा शिकतो, घर करतो, शेजार जोडतो, ते त्या उत्तराच्या भरवशावर.