फोटोतल्या विमानाचं नाव काय?

आपल्याकडच्या जुन्या फोटोंखाली माणसांची नावं नेमाने सापडतात. डावीकडून पहिले कलेक्टरसाहेब, शेजारी संस्थानिक, मधोमध हार घातलेला वैमानिक. ही मंडळी ज्या विमानापुढे उभी असतात, त्याच्याबद्दल मात्र 'विमानासमवेत' यापलीकडे अक्षर नसतं. १९२८ मध्ये जुहूचा विमानतळ सुरू झाला. तेव्हापासून पन्नासच्या दशकापर्यंत इथे कोणकोणती विमानं उतरली, याचा माग काढायला बसलं की ही उणीव पदोपदी नडते. शेपटाकडची नोंदणीची अक्षरं दिसली तर काम सोपं होतं. व्हीटी म्हणजे हिंदुस्थानातलं विमान, आणि पुढच्या तीन अक्षरांवरून नोंदवहीत नेमकं विमान सापडतं. पण नेमकं तिथेच कुणीतरी फेटा बांधून उभं असतं. मग पंख, इंजिन, चाकांचे दांडे यांच्याकडे वळावं लागतं.

सगळ्यात जपून पाहावेत ते टाटांच्या पहिल्या टपाल उड्डाणाचे म्हणून दाखवले जाणारे फोटो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला पेट्रोल भरलं आणि जुहूला उतरले. तिथून बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेलं नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. विमान होतं डी हॅविलंड कंपनीचं पस मॉथ. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी जेआरडींनी कराची-मुंबई हा प्रवास पुन्हा केला, पण या खेपेला विमान होतं लेपर्ड मॉथ. दोन्ही एकाच कंपनीची, दोन्हींचा पंख केबिनच्या डोक्यावर, दोन्हींच्या नाकात चार सिलिंडरचं इंजिन. लांबून पाहणाऱ्याला ही सख्खी भावंडंच वाटणार.

जवळ जाऊन पाहिलं की फरक दिसू लागतो. पस मॉथचा पंख टोकापर्यंत जवळपास सारख्याच रुंदीचा. लेपर्डचा टोकाकडे निमुळता होत जातो. लेपर्डच्या चाकांचे दांडे पुढे सरकवून इंजिनामागच्या भिंतीला जोडलेले आहेत. त्यात वैमानिक मधोमध पुढे आणि दोन प्रवासी मागे शेजारी-शेजारी बसतात, तर पस मॉथमधल्या बैठका पुढेमागे सरकवलेल्या. लेपर्ड मॉथने पहिलं उड्डाणच १९३३ मध्ये केलं. त्यामुळे निमुळता पंख दिसला की फोटो १९३२ चा नव्हे, मग खाली कितीही ठळक अक्षरांत काहीही छापलेलं असो.

टाटांच्या ताफ्यात याहून दुर्मिळ विमानंही होती. वाको हे अमेरिकन दुपंखी विमान ओळखायला सोपं, कारण खालचा पंख वरच्यापेक्षा आखूड आणि पुढे गोल इंजिन. माइल्स मर्लिन मात्र भल्याभल्यांना चकवतं. या जातीची सगळी मिळून चारच विमानं बनली आणि त्यांतली दोन टाटांकडे आली. माइल्स फाल्कनचीच ही मोठी आवृत्ती. फाल्कनच्या चार सिलिंडरऐवजी हिला सहा, म्हणून नाक लांब. एवढी मोलाची गोष्ट आपल्या अंगणात उभी होती आणि आपण फक्त पाहुण्यांची नावं लिहीत बसलो, याची मला खरोखर खंत वाटते. कृष्णधवल फोटोत रंगावरूनही अंदाज बांधू नये. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लालभडक विमान जवळजवळ काळं उमटतं.

१९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी केली आणि पुढच्याच वर्षी तिथे हार्लो हे अमेरिकन शिकाऊ विमान जोडून उडवलं गेलं. हार्लोचा मूळ नमुना कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना ज्युनिअर कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी घडवलेला. धूसर फोटोत ते हार्वर्ड या दुसऱ्या शिकाऊ विमानासारखं दिसतं. अशा वेळी भिंग घेऊन इंजिनाचे सिलिंडर मोजावेत. हार्लोला सात, हार्वर्डला नऊ.

त्याच कारखान्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे डॉ. विष्णू माधव घाटगे काम करत होते. जर्मनीत गटिंगनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेला हा माणूस. युद्धकाळात त्यांनी दहा आसनांचं ग्लायडर रचलं. त्यांचं एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ मध्ये उडालं, आणि पुढे घानाच्या हवाई दलानेही ते घेतलं. चिपमंक हे कॅनडातलं विमान त्याच्यासारखंच दोन आसनी, खाली पंख असलेलं, आणि घानाकडे तेही होतं. तेव्हा घानाची निशाणी रंगवलेलं असं छोटं विमान एखाद्या फोटोत दिसलं, तर ते चिपमंक म्हणून बाजूला ठेवण्याआधी पुन्हा एकदा पाहावं. ते बंगळूरहून गेलेलं, घाटग्यांचं असू शकतं.