चाकांवरचा संसार आणि बॅटरीवरचा फ्रीज

मोटरहोम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिनेनटांची व्हॅनिटी व्हॅन उभी राहते. झोपायला पलंग, बसायला सोफा, आत गारेगार हवा. बड्या लोकांची चैन, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून आपण मान फिरवतो. पण वाचक भगिनी-बंधूंनो, अमेरिकेत हजारो कष्टकरी माणसांचे राहते घरच मोटारगाडीवर आहे आणि ते हौसेने नाही. २००८ साली तिथे घरकर्जांचा डोलारा कोसळला. कित्येकांची घरे गेली, निवृत्तीसाठी साठवलेला पैसा गेला. पेन्शनमध्ये घरभाडे भागेना, तेव्हा साठी-सत्तरीच्या माणसांनी जुनी व्हॅन घेतली, तिच्यात गादी टाकली, शेगडी बसवली आणि काम मिळेल तिकडे गाडी वळवली. जेसिका ब्रुडर या पत्रकार बाईंनी त्यांच्यावर 'नोमॅडलँड' नावाचे पुस्तक २०१७ साली लिहिले. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर मिळाले.

ही माणसे कोणती कामे करतात? नाताळच्या आधी अ‍ॅमेझॉन कंपनीच्या गोदामांत माल हलवायचा. उन्हाळ्यात सरकारी जंगलांतल्या तळांवर पहारा करायचा, संडास धुवायचे. आणि ऑक्टोबरात मिनेसोटा व नॉर्थ डाकोटा भागात बीटच्या हंगामावर जायचे. हे बीट भाजीचे नव्हे, साखरेचे. हे वाचून आम्हाला आपल्या बीडकडच्या ऊसतोड कामगारांची आठवण झाली. ऑक्टोबर उजाडला की बिऱ्हाड बैलगाडीत नाही तर ट्रॅक्टरवर चढते, आणि साखर मात्र दुसऱ्याच्या चहात पडते. फरक इतकाच की आपल्याकडे कोपी उभी राहते, तिकडे व्हॅन उभी राहते.

आता या चाकांवरच्या संसारात सर्वांत जास्त डोकेदुखी देणारी वस्तू कोणती असेल? दिवा नाही, पंखा नाही, शेगडी तर नाहीच. फ्रीज! तिकडे गावे लांब लांब, दुकान पन्नास-साठ मैलांवर. दूध, अंडी, भाजी आठवड्याची एकदम भरावी लागते. फ्रीज नसेल तर रोज डब्यातले महाग अन्न विकत घ्यावे लागते आणि कमाई त्यातच जाते. शिवाय या वयात अनेकांना मधुमेह असतो. इन्सुलिन कुठे ठेवायचे? काही वर्षांपूर्वीपर्यंत तिकडे एका प्रचलित इन्सुलिनच्या एका बाटलीची छापील किंमत सुमारे पावणेतीनशे डॉलर होती. निवृत्त माणसांच्या सरकारी विमा योजनेत महिन्याला पस्तीस डॉलरची मर्यादा आली ती जानेवारी २०२३ पासून. एक रात्र फ्रीज बंद पडला तर काय काय जाते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

ज्योतीवर गार होणारा आणि बॅटरीवर गार होणारा

पूर्वी मोटरहोममध्ये गॅसवर चालणारा फ्रीज असे, जुन्या गाड्यांत आजही असतो. खाली ज्योत जळते आणि वर बर्फ होतो! ऐकायला जादूच वाटते. पण १९२२ साली स्वीडनच्या दोन विद्यार्थ्यांनी, प्लाटेन आणि मुंटर्स यांनी, हे यंत्र शोधले आणि पुढे इलेक्ट्रोलक्स कंपनीने ते बाजारात आणले. त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतात, फिरणारा एकही भाग नसतो, आवाजही नाही. पण त्याच्या खोडी पुष्कळ. गाडी सपाट उभी पाहिजे, नाहीतर आतला द्रव नीट वाहत नाही. कडक उन्हाळ्यात तो हात टेकतो. आणि ज्योत म्हटली की धूर बाहेर जाण्याची वाट नीट हवी, नाहीतर बंद गाडीत विषारी वायू साठून झोपेतच माणूस जायचा. हा फ्रीज बॅटरीवरही चालतो, पण दहा-दहा अँपिअर सतत ओढतो. म्हणून इंजिन चालू असेपर्यंतच त्याला बॅटरी द्यायची.

दुसरा प्रकार कॉम्प्रेसरचा, म्हणजे आपल्या घरातल्या फ्रीजचाच धाकटा भाऊ. मटक्याला ओला फडका गुंडाळला की पाणी वाफ होताना मटक्याची उष्णता घेऊन जाते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. फ्रीजमध्येही द्रवाची वाफ होते आणि ती आतली उष्णता घेते. कॉम्प्रेसर ती वाफ ओढून दाबतो, मागच्या जाळीत ती उष्णता बाहेर टाकते आणि पुन्हा द्रव होते. गाडीतला कॉम्प्रेसर बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. बऱ्याच जातींना ट्रकची चोवीस व्होल्टची बॅटरीही चालते. या कामात डॅनफॉस कंपनीच्या छोट्या कॉम्प्रेसरचे नाव मोठे झाले. २०१० साली तो धंदा वेगळा निघाला आणि आता सेकॉप या नावाने चालतो. गाडी थोडी तिरकी उभी असली तरी याचे अडत नाही आणि उन्हातही तो काम करतो.

तिसरी एक स्वस्त पेटी मिळते. तिच्यात कॉम्प्रेसर नसतो, वीज खेळवून एक पट्टी एका बाजूने गार करतात. आपल्या गोदरेज कंपनीचा 'छोटूकूल' याच जातीचा होता. ती पेटी बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशच गार करते, म्हणजे चाळीस अंशांच्या उन्हात आत वीस-पंचवीस अंश. आणि चार-पाच अँपिअर रात्रंदिवस ओढते, म्हणजे दिवसाला शंभर अँपिअर-तास उडाले. गाडी धावत असताना पाण्याच्या बाटल्या गार ठेवायला ती ठीक आहे. आमच्या मते तिच्यावर दुधाचा आणि औषधाचा भरवसा ठेवू नये.

हिशेब मांडल्याशिवाय गाडी हलत नाही

कॉम्प्रेसरचा फ्रीज चालू असताना साधारण चार अँपिअर घेतो असे धरा. तो सतत चालत नाही. आत गार झाले की थांबतो, गरम झाले की पुन्हा सुरू होतो. बऱ्या हवेत तासाला वीस मिनिटे चालला तर चोवीस तासांत बत्तीस अँपिअर-तास लागतील. उन्हाळ्यात तासाला अर्धा तास चालला तर अठ्ठेचाळीस. दिवा, छोटा पंखा आणि फोन यांचे पंधरा वेगळे. म्हणजे रोजचा खर्च सत्तेचाळीस ते त्रेसष्ट.

आता जमेची बाजू. बॅटरीवर शंभर अँपिअर-तास लिहिलेले असते. घरी इन्व्हर्टर असलेल्यांना माहीत असेल की शिशाची बॅटरी पुरती रिकामी करू लागलो की लवकर मरते. तिच्यातले अर्धेच वापरायचे, म्हणजे शंभरात पन्नास. त्यामुळे उन्हाळ्यात शंभरची एक बॅटरी एक दिवसही पुरत नाही, दोन लागतात. एकीचे वजन पंचवीस-तीस किलो. लिथियम आयर्न फॉस्फेटची नवी बॅटरी याच्या निम्म्याहून हलकी, ऐंशी-नव्वद टक्के रिकामी केली तरी चालते आणि टिकतेही कितीतरी पट. किंमत जास्त. शिवाय हवा शून्य अंशाखाली गेली की तिला चार्ज करायचे नाही, नाहीतर ती आतून बिघडते. मिनेसोटाच्या थंडीत बीटच्या ढिगाजवळ राहणाऱ्याला ही गोष्ट लक्षात ठेवावीच लागते.

एक नियम मात्र कुणीही मोडत नाही. ज्या बॅटरीवर गाडी सुरू होते तिच्यावर फ्रीज चालवायचा नाही. घरची बॅटरी वेगळी, इंजिनची वेगळी. नाहीतर सकाळी दूध गार असते आणि गाडी सुरू होत नाही, आणि कामावर हजेरी मात्र सातची!

भरणा कुठून करायचा? एक, गाडी धावताना अल्टरनेटरमधून. मध्ये रिले बसवतात. नव्या गाड्यांचे अल्टरनेटर हुशार झालेत, ते स्वतःच व्होल्ट कमी करतात, म्हणून तिथे वेगळा चार्जर लागतो. उभ्या गाडीचे इंजिन नुसते घरघरत ठेवून बॅटरी भरणे म्हणजे डिझेल जाळून पाणी तापवण्यासारखे आहे. दुसरा मार्ग टपावरचे सोलर पॅनेल. शंभर वॅटच्या पॅनेलमधून चांगल्या उन्हात दिवसाला तीसेक अँपिअर-तास हाती लागतात. दोनशे वॅट असले की साठ, आणि आपला हिशेब जेमतेम जुळला. अ‍ॅरिझोना राज्यात क्वार्ट्‌झसाइट नावाचे वाळवंटातले गाव आहे. त्याच्या आसपासच्या सरकारी माळावर सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत थोड्या फीवर राहू देतात. तिथे गाडीला जोडायला वीज नाही, पण ऊन भरपूर. म्हणूनच हिवाळ्यात अशा गाड्यांची तिथे रांग लागते. त्यातही गंमत अशी की गाडी सावलीत लावावी तर पॅनेल उपाशी, उन्हात लावावी तर आतला फ्रीज तापतो. जाणते लोक गाडी उन्हात लावतात आणि फ्रीजची बाजू सूर्याकडे येऊ देत नाहीत.

आभाळ आले तर? तीन दिवस ऊन नाही असे धरा. सत्तेचाळीस त्रिक एकशे एक्केचाळीस. शिशाच्या दोन बॅटऱ्यांत वापरण्याजोगे शंभरच. तिसऱ्या दिवशी गाडी लांब फिरवून आणावी लागते किंवा फ्रीज रात्रीपुरता बंद ठेवावा लागतो. तोंडापर्यंत भरलेला फ्रीज आणि आत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या असतील तर ती रात्र निभते. रिकाम्या फ्रीजमधली गार हवा दार उघडताच खाली सांडते. म्हणून जागा रिकामी असली तर पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायच्या. वरून उघडणारी पेटी या बाबतीत जास्त काटकसरी.

दोष फ्रीजचा की वायरचा?

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. बॅटरी भरलेली आहे, फ्रीज नवा आहे, तरी कॉम्प्रेसर सुरू होतो न होतो तोच बंद पडतो. लोक फ्रीज परत करायला निघतात. दोष बहुधा वायरचा असतो. बारीक नळाने बादली भरायला वेळ लागतो, तसेच हे. दीड चौरस मिलिमीटरची वायर पाच मीटर नेली तर जाऊन-येऊन दहा मीटर झाली. पाच अँपिअरला त्यात अर्ध्या व्होल्टहून जास्त गळती होते. घरच्या दोनशे तीस व्होल्टमध्ये अर्धा व्होल्ट म्हणजे काहीच नाही, पण बारामधला अर्धा म्हणजे पुष्कळ. बॅटरी फार उतरू नये म्हणून कॉम्प्रेसरचे नियंत्रक यंत्र व्होल्ट साडेदहाच्या आसपास आले की त्याला बंद करते, आणि पावणेबाराच्या आसपास चढेपर्यंत पुन्हा सुरू करत नाही. बॅटरी अर्धी असतानाच बारीक वायर त्याला ती रिकामी असल्याचे भासवते.

यावर लक्षात ठेवायला सोपा ठोकताळा आहे. बारा व्होल्टला बॅटरीपासून फ्रीज जितके मीटर लांब, तितक्या चौरस मिलिमीटरची वायर. चार मीटरला चार, सहाला सहा. वायर सरळ बॅटरीपासून आणायची, वाटेत दिवे-पंखे जोडायचे नाहीत. बॅटरीजवळ पंधरा अँपिअरचा फ्यूज. सिगारेट लायटरच्या भोकात खुपसलेली पिन धक्क्याने हलते, तापते, तिच्यावर विसंबू नये. मीटर लावून पाहायचे तर बॅटरीपाशी नव्हे, फ्रीजपाशी, आणि कॉम्प्रेसर सुरू होत असताना. आमच्या वाचकांत गॅरेजमध्ये, एस. टी.च्या वर्कशॉपात काम करणारे पुष्कळ आहेत. त्यांना हे सांगायला नकोच.

दुसरा चोर म्हणजे कोंडलेली हवा. फ्रीज कपाटात चपखल बसवला की दिसतो छान, पण मागची जाळी आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा घेते आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. खाली एक जाळीदार भोक, वर एक, इतके केले तरी विजेचा खर्च उतरतो. आत बर्फाचा थर जमला तर तोही वेळच्या वेळी काढावा. सुरीने खरवडू मात्र नये, नळीला भोक पडले की फ्रीज संपला.

आता इन्सुलिन. न उघडलेली बाटली दोन ते आठ अंशांत ठेवायची. गरम होऊ नये हे सगळ्यांना कळते, पण गोठू नये हे अनेकांना माहीत नसते. गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी निकामी, ते फेकायचेच. या छोट्या फ्रीजमध्ये गार पट्टीला टेकलेली वस्तू सहज गोठते. म्हणून बाटली डब्यात घालून पट्टीपासून लांब, मधल्या भागात ठेवतात आणि शेजारी साधा थर्मामीटर. चालू बाटली बहुतेक प्रकारांत पंचवीस-तीस अंशांच्या खाली बाहेर ठेवूनही चार आठवडे चालते. नेमके किती दिवस, ते तिच्या कागदावर छापलेले असते. म्हणजे फ्रीज बंद पडला की चालू बाटलीची घाई नाही, धोका साठ्याच्या बाटल्यांना. आपल्याकडे लग्नकार्याला जीपने सात-आठ तास जाताना आजीचे इन्सुलिन बर्फाच्या पिशवीवर उघडेच ठेवतात, तिथेही हाच घोटाळा होतो. मध्ये जाड फडका हवा.

लांब पल्ल्याच्या ट्रकवर असणाऱ्या कुणाला केबिनमध्ये असा छोटा फ्रीज बसवायचा असेल, तर चोवीस व्होल्टला गळती कमी असल्याने त्याच वायरीत दुप्पट अंतर चालते. पण ट्रकच्या दोन्ही बॅटऱ्या इंजिन सुरू करायच्याच असतात, हे विसरू नये. धाब्यावर रात्रभर गाडी उभी राहणार असेल तर नियंत्रक यंत्रातली बंद होण्याची मर्यादा वर चढवून घ्यावी. बऱ्याच फ्रीजवर त्यासाठी बटण असते, आणि नसेल तर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन ते काम करून देतो.