साथीच्या काळातील वेतनाचा हक्क : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वृद्ध आणि व्याधिग्रस्त कामगार

आजारी पडलेल्या कामगाराची काही ना काही सोय भारतीय कामगार-कायद्यांनी केलेली आहे. अपघाताने जायबंदी झालेल्याचीही केलेली आहे. परंतु जो आज आजारी नाही, मात्र साथीचा रोग जडल्यास दगावण्याचा संभव अधिक म्हणून ज्याला कामापासून दूर ठेवावयाचे, त्याच्या बुडालेल्या मजुरीचा भार कोणी सोसावयाचा, हा प्रश्न या कायद्यांनी सरळ विचारलेला नाही. २०२० मध्ये कोविडच्या साथीत ही उणीव उघडी पडली. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत ती विशेष स्पष्ट दिसते. खाणी, वीजनिर्मिती व सिमेंट यांतील संघटित मजुरी आणि जंगलातील असंघटित मजुरी येथे शेजारी शेजारी नांदतात, हे त्याचे कारण होय.

प्रथम शासकीय आदेशांचा क्रम पाहिला पाहिजे. केंद्रीय गृहमंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये २९ मार्च २०२० रोजी असा आदेश काढला की, टाळेबंदीच्या काळात सर्व मालकांनी आपल्या कामगारांचे वेतन नियत दिवशी व कपात न करता द्यावे. पुढे १ मेच्या आदेशाने ६५ वर्षांवरील व्यक्ती व अन्य व्याधी असलेल्या व्यक्ती यांनी अत्यावश्यक कारणाखेरीज घरीच राहावे असे ठरविले. १७ मेच्या आदेशाने मात्र पूर्वीचे आदेश १८ मेपासून मागे घेतले गेले व त्यांबरोबर वेतनाचा निर्देशही गेला. घरी राहण्याविषयीचे कलम तेवढे नव्या आदेशात कायम राहिले. म्हणजे पन्नास दिवस चाललेले संरक्षण संपले आणि निर्बंध उरला. सर्वोच्च न्यायालयाने १२ जून २०२० रोजी, त्या पन्नास दिवसांच्या वेतनाबाबत मालक व कामगार यांनी वाटाघाटींनी तडजोड करावी आणि तोवर मालकांवर सक्तीची कारवाई होऊ नये, असे सांगितले. वाटाघाट करावयास दोन पक्ष लागतात, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता ६५ वर्षांची मर्यादा कोणाला लागू पडते? कोळसा खाणीतील कायम कामगार ६० व्या वर्षी निवृत्त होतो; राज्यशासनाचा बहुतेक सेवकवर्ग ५८ व्या वर्षी. बल्लारपूर वा घुग्घुसच्या खाणीत पासष्टीचा कायम कामगार असणे शक्यच नव्हते. वयाची ही रेषा संघटित क्षेत्राला बहुधा वळसा घालून गेली व ज्या श्रमाला निवृत्ती ठाऊक नाही त्यावर येऊन थांबली.

संघटित क्षेत्रात प्रश्न उरला तो व्याधिग्रस्तांचा. कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ अन्वये तेव्हा आजारपणात सरासरी वेतनाच्या ७० टक्के लाभ वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळे. परंतु त्यासाठी कामगार कामास असमर्थ असल्याचा वैद्यकीय दाखला आवश्यक असे, आणि खाणी तर त्या अधिनियमाच्या ‘कारखाना’ या व्याख्येतूनच वगळलेल्या होत्या. मधुमेही कामगार काम करू शकतो. सावधगिरी म्हणून तो घरी राहिला तर त्याला आपल्या शिलकी रजेचाच आधार. या जिल्ह्यांत आढळणाऱ्या सिकलसेल आजाराचीही स्थिती अशीच चमत्कारिक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. तथापि सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्यांच्या वेतनाचे संरक्षण करणारे त्याचे कलम २० फक्त शासकीय आस्थापनांना बांधते, आणि सिकलसेल तर जन्मजात.

जंगलाकडे वळल्यास चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. तेंदूपत्त्याचा हंगाम उन्हाळ्यातला, म्हणजे नेमका टाळेबंदीतला. १६ एप्रिल २०२० च्या आदेशाने आदिवासी व अन्य वननिवासी यांना गौण वनोपज गोळा करण्याची मुभा मिळाली. पाने तोडण्यास धडधाकट माणसे पहाटे जातात. ७० पानांचा पुडा बांधण्याचे काम पुष्कळदा घरातील वृद्ध करतात. मजुरी पुड्यांच्या संख्येवर असते व ती कुटुंबाच्या नावे मोजली जाते, त्यामुळे म्हातारीच्या श्रमाची स्वतंत्र नोंद कोठेच होत नाही. शिवाय वनहक्क अधिनियम, २००६ नंतर अनेक गावांत ग्रामसभा हीच वनोपजाची स्वामिनी झाली (धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाला हा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाला). कंत्राटदार हा तेथे खरेदीदार, आणि मजूर स्वतः ग्रामसभेचा सदस्य. मग २९ मार्चच्या आदेशातील ‘मालक’ कोण? ग्रामसभेचे हे स्वामित्व मोठ्या संघर्षातून आलेले व मोलाचे आहे. परंतु वेतनाचा हक्क मालकाच्या खुंटीला टांगलेला असल्याने या मजुराच्या वाट्याला तो आलाच नाही.

राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीची कामे २० एप्रिल २०२० पासून पुन्हा सुरू करण्यास परवानगी मिळाली. महाराष्ट्रातील दर त्या वर्षी दिवसाला २३८ रुपये होता आणि वयाला वरची मर्यादा नव्हती. काम मागून पंधरा दिवसांत न मिळाल्यास बेकारी भत्ता देय होई. मात्र दिलेले काम न स्वीकारणारा वा कामावर हजर न होणारा मजूर तीन महिने त्या भत्त्यास अपात्र ठरे. शासनाच्या एका आदेशाप्रमाणे घरी बसावे, तर दुसऱ्या कायद्याप्रमाणे हक्क जावा, अशी ही अवस्था होती.

उरले निवृत्तिवेतन. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील निराधारांस तेव्हा महिना १,००० रुपये मिळत, म्हणजे रोजगार हमीच्या चार दिवसांच्या मजुरीहून किंचित अधिक. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमातील लाभार्थींना केंद्राने दोन हप्त्यांत आणखी १,००० रुपये दिले. ही मदत निराधारतेबद्दल होती. बुडालेल्या मजुरीशी तिचा संबंध नव्हता.

वस्तुतः ज्या अधिनियमाखाली हे सारे आदेश निघाले त्याच्याच कलम १२ मध्ये, आपद्ग्रस्तांना द्यावयाच्या किमान साहाय्यात जीवितहानीबरोबर उपजीविकेच्या साधनांची पुनःस्थापनाही नमूद आहे. ३० जून २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर याच कलमाच्या आधारे कोविडने मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये देण्याचे ठरले. मृत्यू टाळण्यासाठी घरी राहिलेल्या मजुराकरिता त्या कलमातील उपजीविकेचा भाग कोणी उपयोगात आणला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आजारपणाचा लाभ वैद्यकीय दाखल्याशीच जोडलेला आहे.