जयगडच्या टाक्यांतील गुप्तधन

गुप्तधनाच्या गोष्टी ज्या घरात सांगितल्या गेल्या नाहीत असे मराठी घर विरळाच. पडक्या वाड्याच्या भिंतीत मोहरांचा हंडा असतो, त्यावर नाग राखण करतो आणि पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीखालचे धन दिसू लागते, अशी आपल्याकडची जुनी समजूत. आजीच्या गोष्टीत हे शोभते. परंतु 1976 साली साक्षात भारत सरकारने एका किल्ल्यातील गुप्तधनाचा कित्येक महिने शोध घेतला आणि त्या कामी पायाळू माणसाऐवजी धातुशोधक यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, वापरले. तो किल्ला म्हणजे जयपूरजवळचा जयगड.

आमेरच्या राजवाड्याच्या वर, अरवलीच्या कड्यावर जयगड उभा आहे. सवाई जयसिंहांनी 1726 च्या सुमारास त्याला आजचे रूप दिले. हा राहण्याचा महाल नव्हे, लढण्याचा किल्ला. येथे तोफा ओतण्याचा कारखाना होता आणि 1720 मध्ये ओतलेली 'जयबाण' ही चाकांवरची अवाढव्य तोफ आजही तेथे पाहता येते. पाहुण्यांना तोफेचे अप्रूप वाटते. पण किल्ल्याचे खरे वैभव म्हणजे तेथील पाण्याची टाकी. सभोवतालच्या डोंगरांवर पडणारे पावसाचे पाणी दगडी पाटांतून वळवून या टाक्यांत आणले जाई. त्यांतील सर्वांत मोठ्या टाक्यात साठ लाख गॅलन पाणी मावते, असे सांगतात. राजस्थानसारख्या कोरड्या मुलखात हेच खरे धन, असे कोणी म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. लोकांच्या जिभेवर मात्र त्या टाक्यांखालचे धन होते.

दंतकथा अशी: अकबराचे सेनापती राजा मानसिंह काबूलच्या मोहिमेवरून परतताना अपार लूट घेऊन आले आणि ती त्यांनी बादशहाच्या नजरेआड या डोंगरावर दडवली. तिच्या रखवालीचे काम मीणा जमातीकडे असे. प्रत्येक नव्या राजाला आयुष्यात एकदाच तेथे प्रवेश मिळे आणि आपल्या पसंतीची एकच वस्तू उचलता येई. या कथेला कागदोपत्री आधार नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या गोष्टीला असा आधार लागतोच असे नाही.

तरीही सरकारला या कथेची दखल घ्यावीशी का वाटली? त्यासाठी त्या वर्षांकडे पाहावे लागते. संस्थानिकांचे तनखे 1971 मध्ये बंद झाले. जयपूरचे महाराजा सवाई मानसिंह (दुसरे) त्याआधीच, 1970 मध्ये, निवर्तले होते. महाराणी गायत्रीदेवी स्वतंत्र पक्षातर्फे तीन वेळा लोकसभेवर निवडून आल्या होत्या आणि सत्ताधारी पक्षाच्या कडव्या विरोधक म्हणून ओळखल्या जात. फेब्रुवारी 1975 मध्ये आयकर खात्याने राजघराण्याच्या वास्तूंवर छापे घातले. जूनमध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि जुलैअखेर गायत्रीदेवी व त्यांचे सावत्र पुत्र भवानीसिंह यांची रवानगी तिहार तुरुंगात झाली. भवानीसिंह हे 1971 च्या युद्धातील पराक्रमासाठी महावीरचक्र मिळालेले सेनाधिकारी. गायत्रीदेवी जानेवारी 1976 मध्ये बाहेर आल्या आणि त्याच वर्षी जूनमध्ये जयगडावर खोदकामाला आरंभ झाला. आयकर खात्याचे अधिकारी आणि लष्कराचे जवान किल्ल्यात दाखल झाले, यंत्रे लावून विशेषतः टाक्यांचा परिसर पिंजून काढण्यात आला, आणि हे काम नोव्हेंबरपर्यंत चालले.

हे यंत्र काम कसे करते, ते समजून घेण्याजोगे आहे. त्याच्या टोकाशी तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज खेळवली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. या क्षेत्रात धातूची वस्तू आली तर तिच्यातही लहानसा विद्युत्प्रवाह फिरू लागतो, त्याचे स्वतःचे क्षीण क्षेत्र निर्माण होते, आणि ते टिपून यंत्र आवाज करते. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी 1881 मध्ये गोळी लागलेल्या अमेरिकन अध्यक्षांच्या, गारफिल्ड यांच्या, शरीरातील गोळी शोधण्यासाठी असे उपकरण बनवले होते; परंतु ती गोळी सापडली नाही आणि बिछान्यातील पोलादी स्प्रिंगांनी यंत्राची दिशाभूल केली, असे सांगितले जाते. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी घडवलेले सुरुंगशोधक यंत्र 1942 मध्ये अल अलामीनच्या वाळवंटात उपयोगी पडले आणि तेथून हे तंत्र सर्वदूर पसरले.

आता या यंत्राच्या मर्यादा पाहा. हातात धरून फिरवायच्या यंत्राला सुटे नाणे जमिनीत वीत-दीड वीत खोलवरच जाणवते. वस्तू मोठी असेल तर आणखी थोडे खाली. टाक्याच्या दगडी तळाखाली पुरुषभर खोल पुरलेला हंडा त्याच्या कानावर येण्याची शक्यता कमीच. शिवाय जुन्या यंत्रांना लोखंडी खिळा आणि सोन्याची मोहर यांतला भेद सहसा कळत नसे. आणि जागा कोणती, तर जेथे तोफा ओतल्या गेल्या, गोळे साठवले गेले तो किल्ला! अशा आवारात यंत्र मुके राहिले तरच नवल. बेल यांच्या बिछान्याची गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही.

शोध चालू असतानाच प्रकरणाला अनपेक्षित वळण लागले. पाकिस्तानचे पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टो यांनी ऑगस्ट 1976 मध्ये श्रीमती इंदिरा गांधींना पत्र लिहून, फाळणीपूर्व समझोत्याचा हवाला देत, या खजिन्यातील पाकिस्तानच्या वाट्याची आठवण करून दिली. न सापडलेल्या धनाची वाटणी मागण्याचे असे उदाहरण इतिहासात क्वचितच आढळेल. श्रीमती गांधींचे उत्तर 31 डिसेंबर 1976 रोजी गेले: असा कोणताही हक्क पोहोचत नाही, आणि खजिना तर मुळात निघालाच नाही. लोकांचा मात्र या उत्तरावर पूर्ण विश्वास बसला नाही. दिल्ली-जयपूर रस्ता बंद ठेवून लष्करी ट्रकांतून सोने हलवले गेले, ही वदंता जयपुरात आजही ऐकू येते. तिला पुरावा नाही. पण आणीबाणीत वृत्तपत्रांवर बंधने होती, आणि जेथे बातमी छापता येत नाही तेथे अफवा वाढतात, यात आश्चर्य ते काय?

खजिना कधी असलाच, तर तो गेला कोठे? जयपुरात याचे एक साधे उत्तर मिळते. सवाई जयसिंहांनी 1727 मध्ये नव्या जयपूर नगरीची पायाभरणी केली. रुंद रस्ते, चौपडी आणि सरळ रेषेतील बाजार असलेले हे शहर उभारण्यात तो पैसा खर्ची पडला, असे लोक म्हणतात. हीसुद्धा दंतकथाच. तथापि दोन दंतकथांतून एक निवडायची झाली तर हीच अधिक पटते. पुरून ठेवलेल्या द्रव्यापेक्षा पेठेत गुंतवलेले द्रव्य अधिक टिकले, हे जोहरी बाजारात उभे राहिल्यावर दिसतेच.

मात्र राजस्थानच्या मातीत धन नव्हते असे नाही. पूर्वी जयपूर जिल्ह्यात असलेल्या बैराट येथे 1935-36 च्या उत्खननात दयाराम साहनी यांना एका मडक्यात 36 चांदीची नाणी मिळाली: आठ आहत नाणी आणि अठ्ठावीस यवन राजांची. त्यांतली काही सुती कापडात बांधलेली होती. नाण्यांवर यंत्र वाजले असते. कापसाच्या चिंधीवर कोणते यंत्र वाजणार? आणि बौद्ध मठाच्या कोठडीत ग्रीक राजांची नाणी जपून ठेवलेली होती, हे ज्ञान तर ती जागच्या जागी, शास्त्रशुद्ध पद्धतीने उकरली गेली म्हणूनच मिळाले. भरतपूरजवळच्या बयाना भागात 1946 मध्ये खेड्यातील मुलांच्या हाती गुप्तकालीन सोन्याच्या नाण्यांचे तांब्याचे भांडे लागले. काही नाणी अभ्यासकांपर्यंत पोहोचण्याआधीच नाहीशी झाली. 1821 नाणी वाचली. त्यांची सूची महाराष्ट्राचे सुपुत्र, थोर नाणकशास्त्रज्ञ डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनी सिद्ध केली आणि ती 1954 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील 983 नाणी एकट्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची आहेत. सोनाराच्या मुशीत जे गेले ते सोने उरले, पण इतिहास वितळला.

परदेशात धातुशोधन हा छंद आहे. अमेरिकेत वसाहतकाळातील जुन्या घरांच्या जागी लोक गुंड्या, नाणी, बकले शोधतात. ब्रिटनमध्ये 1996 च्या कायद्याने सापडलेल्या खजिन्याची माहिती देणे बंधनकारक आहे. 2009 मध्ये स्टॅफर्डशायरच्या एका शेतात छंदिष्टाला सापडलेला अँग्लो-सॅक्सन सोन्याचा साठा सुमारे 33 लाख पौंडांचा ठरला आणि ती रक्कम शोधणारा व शेतमालक यांच्यात वाटली गेली.

आपल्याकडे ब्रिटिश अमदानीतील 1878 चा भारतीय निखात निधी अधिनियम आहे. जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू, मूळ कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीची, सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते आणि ती सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा तिच्याबद्दल जामीन द्यावा लागतो. धनी कोणी नसेल तर शोधणाऱ्याला, जागेच्या मालकाने हक्क सांगितल्यास, तीन चतुर्थांश आणि मालकाला उरलेला हिस्सा मिळू शकतो. सरकारला वस्तू हवी असेल तर किमतीवर एक पंचमांश अधिक देऊन ती घेता येते. दडवणाऱ्याचा हिस्सा मात्र जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. संरक्षित स्मारकांच्या आवारात परवान्यावाचून खोदणे 1958 च्या कायद्याने निषिद्ध आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी आणि वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात. त्या खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

घराचा जुना पाया खणताना एखादे मडके हाती लागलेच, तर नाणी चिंच लावून घासू नयेत. मडक्याचे तुकडे, चिंधी, भोवतालची माती जशीच्या तशी ठेवावी, जागेचे छायाचित्र घ्यावे, खोली मोजून लिहून ठेवावी आणि त्याच दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.