स्मारक नाणी : स्मरण आणि व्यवहार

स्वतंत्र भारतात स्मरणार्थ नाणी प्रथम निघाली ती १९६४ साली, पंडित नेहरूंच्या निधनानंतर. १९६९ मध्ये गांधीजन्मशताब्दीची नाणी आली आणि ही प्रथा रुळली. डॉ. आंबेडकरांचा रुपया (१९९०), छत्रपती शिवाजी महाराजांचे (१९९९) व संत तुकारामांचे (२००२) दोन रुपयांचे नाणे, लोकमान्य टिळकांचे पाच रुपयांचे नाणे (२००७) ही मराठी वाचकास विशेष परिचित आहेत. असे नाणे स्मारकही असते आणि सुटी मोडही. ही दोन्ही कामे एकमेकांस कितपत पोषक ठरतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नाणे पाडण्याच्या प्रक्रियेतच पहिली अडचण आहे. पूर्वी रेखाटनावरून प्लास्टरची मोठी प्रतिकृती घडवीत आणि यंत्राने तिचे प्रमाण कमी करीत पोलादात मूळ ठसा कोरीत. आज हे काम बव्हंशी संगणकाच्या साहाय्याने होते. संग्राहकांसाठीच्या नाण्यांवर झिलई केलेल्या ठशांनी एकाहून अधिक आघात करतात. चलनी नाण्याच्या वाट्याला एकच येतो. त्यामुळे त्याचा उठाव उथळच ठेवावा लागतो. चित्राचा सर्वांत उंच भाग काठाच्या खाली राहिला नाही, तर नाण्यांची चळत डळमळते व महापुरुषाचे नाक आधी झिजते! शिवाय चेहऱ्याच्या उंच भागाच्या नेमका पाठीमागे दुसऱ्या बाजूचा मोठा उठाव आल्यास धातू दोन्हीकडे पुरत नाही. स्टेनलेस स्टीलसारख्या कठीण धातूत ही मर्यादा अधिकच जाचक होते. उत्तम चित्र हे उत्तम नाणे होईलच असे नाही, ते यामुळे.

आपल्या टांकसाळींनी एक पथ्य मात्र दीर्घकाळ पाळले. नाण्यावर शिवाजी महाराज असोत वा तुकाराम, दोन रुपयांचे नाणे अकरा बाजूंचे, २६ मिलिमीटर व्यासाचे व ६ ग्रॅम वजनाचेच राहिले. एका बाजूस सिंहशीर्ष व त्याखाली मूल्य. पालट काय तो दुसऱ्या बाजूस. घेणाऱ्याने चित्र पाहिले नाही तरी हाताला नाणे ओळखू येई.

दहा रुपयांच्या नाण्याबाबत हे पथ्य पाळूनही भागले नाही. २००९ मध्ये चलनात आलेले हे द्विधातू नाणे लोकांच्या अंगवळणी पडण्यापूर्वीच त्याची रूपे वाढत गेली: होमी भाभा जन्मशताब्दी, रिझर्व्ह बँकेचा अमृतमहोत्सव, २०११ मध्ये रुपयाचे नवे चिन्ह. खोट्या नाण्यांच्या अफवा पसरल्या आणि अनेक ठिकाणी दुकानदार नाणे नाकारू लागले. अखेर १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की, सर्व १४ नमुने वैधच आहेत. नाणे अधिनियम, २०११ नुसार एक रुपया व त्यावरील नाणी एक हजार रुपयांपर्यंत वैध चलन आहेत; परंतु बसच्या वाहकाशी वाद घालणाऱ्या प्रवाशाला अधिनियमाचा काय उपयोग? दोष केवळ अफवांचा, असे मानणे प्रस्तुत लेखकास पटत नाही. मूळ रूप स्थिरावण्यापूर्वी त्याची रूपांतरे काढू नयेत, हा विवेक येथे सुटला.

त्यानंतरचा कल बोलका आहे. ६ जून २०२२ रोजी स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचे बोधचिन्ह असलेली १ ते २० रुपयांची मालिका प्रसृत झाली, तेव्हा ही स्मारक नाणी नसून नित्य चलनाचा भाग आहेत, असे आवर्जून सांगण्यात आले. उलट नव्या संसद भवनाचे ७५ रुपयांचे नाणे (२०२३) टांकसाळीने संग्राहकांना दर्शनी मूल्याच्या कित्येक पट किमतीस विकले. तुकारामांचे नाणे भाजी बाजारात फिरले. हे डबीतच राहते.